विजेवर चालणारी व्हॅन : ती 'कमर्शियल' कधी ठरते?

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी सभासदांस उपयोगी पडेल असा एखादा माहितीपर लेख द्यावा, अशी चिटणिसांनी मला सूचना केली आणि विषयही त्यांनीच दिला. महोत्सवाच्या निमित्ताने जमलेल्या देणगीतून विजेवर चालणारी एक व्हॅन घ्यावी, असे कार्यकारी मंडळाच्या मनात आहे. वसतिगृहाचे धान्य आणणे, फिरत्या दवाखान्याची औषधे खेडोपाडी पोहोचविणे आणि प्रसंगी विद्यार्थ्यांची ने-आण करणे, अशी तिच्याकडून अपेक्षा आहे. गाडी घ्यावी याबद्दल कोणाचे दुमत नाही. मतभेद आहे तो तिच्या नोंदणीबद्दल. आर.टी.ओ. कचेरीत तिचे 'पासिंग' खाजगी म्हणून करावयाचे की कमर्शियल म्हणून?

मी शाळामास्तर आहे. वकील नव्हे किंवा मोटारींचा व्यापारीही नव्हे. परंतु छापील वाक्याचा अन्वय लावणे हा माझा नित्याचा व्यवसाय असल्यामुळे १९८८ चा मोटार वाहन कायदा, त्याखालील नियम आणि त्यानंतर निघालेल्या अधिसूचना वाचून जे हाती लागले, ते येथे मांडीत आहे.

सभासदांच्या चर्चेत तीन मते पुन्हा पुन्हा ऐकू येतात. पहिले असे की, गाडी विजेची आहे, तिला सरकारने सर्व बंधनांतून मुक्त केले आहे, मग कमर्शियलचा प्रश्नच कोठे येतो? दुसरे असे की, आपली संस्था धर्मादाय आहे, आपण नफा मिळवीत नाही, मग आपली गाडी व्यापारी कशी? तिसरे असे की, आपण आपलाच माल आपल्याच गाडीतून आणणार, कोणाचे भाडे मारणार नाही, तेव्हा ती खाजगीच. तिन्ही मते सरळ मनाने मांडलेली आहेत आणि ऐकताना पटतातही. तथापि कायद्याची रचना वेगळी आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. ज्या 'कमर्शियल' शब्दावरून एवढा वाद होतो, त्याची व्याख्या कायद्याच्या व्याख्यांच्या कलमात दिलेलीच नाही. तेथे आहे तो शब्द 'ट्रान्सपोर्ट व्हेइकल', म्हणजे परिवहन वाहन. या एका नावाखाली चार प्रकार येतात : भाडे अथवा मोबदला घेऊन उतारू नेणारे सार्वजनिक सेवा वाहन, मालवाहू वाहन, शिक्षणसंस्थेची बस, आणि मालकाच्या धंद्याच्या कामासाठी माणसे नेणारे खाजगी सेवा वाहन. या चारांपैकी एकात जी गाडी बसते ती परिवहन वाहन होय, आणि बाजारात आपण जिला कमर्शियल म्हणतो ती हीच. या व्याख्यांत कोठेही पेट्रोल, डिझेल किंवा वीज यांचा उल्लेख नाही. मालवाहू वाहनाच्या व्याख्येत तर भाड्याचाही उल्लेख नाही.

मुलांना व्याकरण शिकविताना आम्ही एक उदाहरण नेहमी देतो. 'मंडपात वर आला' या वाक्यात 'वर' हे नाम आहे, 'वर पाहा' यात ते क्रियाविशेषण आहे आणि 'झाडावर' यात ते शब्दयोगी अव्यय आहे. अक्षरे तीच राहतात, परंतु वाक्यात तो शब्द कोणते कार्य करतो त्यावरून त्याची जात ठरते. मोटारीचेही असेच आहे. महिंद्र कंपनीने २०१६ साली 'ई-सुप्रो' नावाची विजेची व्हॅन बाजारात आणली तेव्हा तिचे दोन नमुने होते, एक माल नेण्याचा आणि दुसरा माणसे नेण्याचा. व्हॅन एकच आणि चालणार बॅटरीवरच. परंतु मालाचा नमुना मालवाहू वाहन ठरणार. माणसांचा नमुना भाड्याने चालविला तर सार्वजनिक सेवा वाहन, आणि शाळेने मुलांसाठी घेतला तर शिक्षणसंस्थेची बस. बॅटरीने यापैकी काहीच ठरविले नाही. ठरविले ते बांधणीने आणि वापराने.

मग विजेच्या गाडीस काही लागत नाही, हा समज आला कोठून? त्याचे मूळ बॅटरीवरच्या लहान दुचाकींत आहे. केंद्रीय नियमांप्रमाणे ज्या बॅटरीच्या वाहनाच्या मोटारीची शक्ती पाव किलोवॉटपेक्षा, म्हणजे २५० वॉटपेक्षा कमी आणि ज्याचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, अशा ठरावीक हलक्या वाहनास मोटार वाहनच समजले जात नाही. त्याला नोंदणी नको आणि चालविणाऱ्याला लायसेन्सही नको. शाळेतील वरच्या वर्गांतील मुलेसुद्धा अशा गाड्यांवरून येतात, आणि लोकांस वाटते की बॅटरी म्हटली की झाले. पण टाटांचा जो 'छोटा हत्ती' आपल्या भाजी मंडईत रोज दिसतो, त्याची २०२२ साली निघालेली विजेची आवृत्ती २७ किलोवॉटच्या मोटारीची आहे, म्हणजे या सवलतीच्या मर्यादेच्या शंभरपटीहून अधिक. ई-रिक्षा आणि ई-कार्ट यांचा तिसरा वर्ग कायद्यात २०१५ साली निराळा घातला गेला. त्याची मर्यादा ४००० वॉटची आहे. व्हॅन तेथेही बसत नाही. आमच्या परिचयातील एका बेकरीवाल्यास विक्रेत्याने, "अहो, बॅटरीची गाडी आहे, कागदपत्रांची कटकट नाही," असे सांगून तीनचाकी मालगाडी विकली. ती गाडी पुढे कित्येक दिवस दुकानासमोर उभी राहिली, कारण कागद पुरे होईपर्यंत ती रस्त्यावर काढण्याची सोय नव्हती. पाव मात्र सायकलवरून जात राहिले!

विजेच्या गाडीस ज्या खऱ्या सवलती मिळाल्या आहेत, त्याच पहिल्या मताविरुद्ध साक्ष देतात. १८ ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने बॅटरीवर चालणाऱ्या परिवहन वाहनांस कलम ६६ मधील परमिटची अट माफ केली. अधिसूचनेत शब्द आहे तो परिवहन वाहन हाच. जी गाडी त्या वर्गात मोडतच नाही, तिला त्या वर्गाच्या अटीतून माफी देण्याचे कारण काय? त्याच वर्षी नंबरपाटीचा नियमही बदलला. विजेच्या सर्व वाहनांची पाटी हिरवी झाली, परंतु खाजगी गाडीवर अक्षरे पांढरी आणि परिवहन वाहनावर पिवळी. म्हणजे हिरव्या रंगाच्या आतसुद्धा जुना भेद सरकारने कायम ठेवला. रस्त्याने जाताना हिरव्या पाटीवरील अक्षरांचा रंग पाहिला, की गाडी कोणत्या वर्गातील हे लहान मुलासही सांगता येते.

परमिटच्या माफीविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण विक्रेते तिचे फार कौतुक करतात. ज्या मालवाहू गाडीचे भारासहित एकूण वजन ३००० किलोंहून अधिक नाही, तिला परमिट लागत नाही, अशी तरतूद कलम ६६ मध्ये पूर्वीपासूनच आहे, मग गाडी डिझेलची असो वा विजेची. विजेचा छोटा हत्ती या मर्यादेच्या पुष्कळ आत येतो. तेव्हा धान्य वाहणाऱ्या लहान व्हॅनला २०१८ च्या अधिसूचनेने नवीन असे काही दिले नाही. तिचा खरा लाभ झाला तो मोठ्या मालगाड्यांना आणि भाड्याने उतारू नेणाऱ्या गाड्यांना. आपण बेळगावचे लोक सीमेवर राहतो. आपले धान्य चंदगडकडून येते, आपले आप्तेष्ट कोल्हापुरास आणि गोव्यास, आणि तासाभराच्या अंतरावर राज्य बदलते. परमिट नको याचा अर्थ सीमेपलीकडे कोणी कागद विचारणारच नाही असा मात्र कोणी घेऊ नये. नोंदणीपुस्तक, फिटनेस आणि विमा ही कागदपत्रे गाडीत पाहिजेतच. धुराच्या प्रमाणपत्राची मात्र तिला गरज नाही, कारण तिला धूरच नाही.

आता दुसरे मत, म्हणजे धर्मादाय संस्थेचे. माझ्या मते हेच सर्वांत विचार करण्याजोगे आहे, कारण त्यामागे एक न्याय्य भावना आहे. जी संस्था पदरमोड करून औषधे वाटते, तिची गाडी आणि अडत्याची गाडी एकाच पंगतीत कशी बसवावी? परंतु कायदा येथे संस्थेच्या हेतूकडे पाहत नाही. कोणती वाहने परिवहन वर्गात आणि कोणती त्याबाहेर, याची एक यादी केंद्र सरकारने ५ नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेने प्रसिद्ध केली. ट्रस्टच्या कोणत्याही सभासदाने ती एकदा वाचावी. मालमोटारी, टँकर आणि टॅक्सी तर तीत आहेतच; पण त्यांच्याबरोबर फिरता दवाखाना आहे, क्ष-किरणांची व्हॅन आहे, फिरत्या ग्रंथालयाची गाडी आहे, शाळेची बस, रुग्णवाहिका, जनावरांची रुग्णवाहिका, आगीचा बंब आणि शववाहिकाही आहे. आगीचा बंब काही नफ्यासाठी धावत नाही. तरीही ती सर्व परिवहन वाहने आहेत. धर्मादाय संस्था ज्या ज्या कामासाठी गाडी घेते, त्यांतील बहुतेक कामे या यादीत नावानिशी आलेली आहेत.

असे का असावे? कारण या वर्गीकरणाचा हेतू व्यापाऱ्यांस शोधून काढणे एवढाच नाही. जी गाडी रोज दुसऱ्यांची माणसे किंवा भार घेऊन धावते, तिची झीज अधिक होते आणि ती नादुरुस्त असेल तर धोका मालकापुरता राहत नाही. म्हणून तिची ठरावीक मुदतीने तपासणी झाली पाहिजे, एवढाच त्याचा गाभा आहे. कलम ५६ असे सांगते की, फिटनेसचे प्रमाणपत्र चालू नसेल तर परिवहन वाहनाची नोंदणीच वैध समजली जाणार नाही. ब्रेक निकामी झाले तर गाडीतील पोते पुण्यार्थ दिलेले आहे की विकत घेतलेले, हे ब्रेकला कळत नाही.

संस्थांच्या सेवेची कायद्याने दखल घेतली आहे, परंतु ती दुसऱ्या ठिकाणी. केवळ रुग्णवाहिका म्हणून वापरल्या जाणाऱ्या गाडीस परमिट लागत नाही. केवळ मृतदेह आणि त्याबरोबरचे शोकाकुल लोक नेणाऱ्या गाडीसही लागत नाही, मग ती अंत्ययात्रा असो वा जनाजा. येथे 'केवळ' या शब्दावर लक्ष ठेवावे. सकाळी शववाहिका आणि दुपारी लग्नाचे सामान असा दुहेरी वापर केला, तर ही सवलत त्या गाडीस सांगता येणार नाही.

तिसऱ्या मताचे, म्हणजे 'आपला माल, आपली गाडी' या युक्तिवादाचे मूळ जुन्या कायद्यात सापडते. वडीलधाऱ्या वाचकांस आठवत असेल, पूर्वी मालमोटारींच्या कपाळावर 'पब्लिक कॅरिअर' अशी ठळक अक्षरे असत. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात दुसऱ्यांचा माल भाड्याने नेणारा तो पब्लिक कॅरिअर आणि स्वतःचाच माल नेणारा तो प्रायव्हेट कॅरिअर, असा भेद होता. त्यातील 'प्रायव्हेट' शब्द लोकांच्या मनात राहिला, पण प्रायव्हेट कॅरिअरची गाडीही तेव्हा परिवहन वाहनच होती, हे विसरले गेले. १ जुलै १९८९ पासून १९८८ चा कायदा अंमलात आला आणि हा भेद व्याख्यांतून निघून गेला. आता केवळ माल नेण्यासाठी बांधलेली गाडी मालवाहू आहे, तिच्यात माल कोणाचाही असो. एवढेच नव्हे, तर मालासाठी न बांधलेली गाडीसुद्धा माल नेण्यासाठी वापरली जाते तेव्हा त्या व्याख्येत येते. घरच्या मोटारीतून दळणाचा डबा नेला म्हणून कोणी अधिकारी अडविणार नाही, हे उघड आहे. घरच्या सामानाची गोष्ट निराळी. पण वसतिगृहाचे तांदूळ दर आठवड्यास दहा-दहा पोती आणणारी व्हॅन घरगुती मोटार म्हणून चालवावयाची, हे व्याख्येत बसणारे नाही.

मग ट्रस्टची विजेची व्हॅन खाजगी राहूच शकत नाही काय? राहू शकते. चालक सोडून सहापर्यंत माणसे बसतील अशी प्रवासी बांधणीची व्हॅन असावी, तीतून विश्वस्त, डॉक्टर, कार्यकर्ते यांनी कामानिमित्त जावे-यावे, कोणाकडून पैसा घेऊ नये आणि मालाची ने-आण करू नये. अशी गाडी साधी मोटार म्हणून नोंदविली जाईल आणि तिच्या हिरव्या पाटीवर अक्षरे पांढरी असतील. यातील 'कोणाकडून पैसा घेऊ नये' ही अट सर्वांत आधी मोडते. पालकांकडून 'खर्चापुरते' दरमहा काही घ्यावे, असे कोणीतरी सुचवितोच. कायद्याचे शब्द 'भाडे किंवा मोबदला' असे आहेत. त्यात नफा उरला की नाही हे विचारलेले नाही. शंभर रुपये खर्च येतो आणि पालक ऐंशीच देतात, म्हणून तो मोबदला नव्हे असे म्हणता येत नाही.

विद्यार्थ्यांची वाहतूक करावयाची असेल, तर सरळ मार्ग शिक्षणसंस्थेच्या बसचा आहे. चालकाखेरीज सहाहून अधिक माणसांची, शाळेच्या किंवा शिक्षणसंस्थेच्या मालकीची आणि केवळ तिचे विद्यार्थी व नोकरवर्ग यांच्या ने-आणीसाठी असलेली गाडी, अशी तिची व्याख्या आहे. येथे मालकी कोणाच्या नावावर, हा मुद्दा येतो. देणगी ट्रस्टला मिळाली म्हणून गाडी ट्रस्टच्या नावावर घेतली आणि चालविली शाळेने, तर कागद आणि वापर यांत फट पडते. ती फट खरेदीपूर्वी बुजवावी. आणि 'केवळ' हा शब्द इथेही आहेच : मुलांची बस सुट्टीच्या दिवशी तांदळाची गाडी होऊ शकत नाही. मंडळाच्या मनात एकाच व्हॅनकडून धान्य, औषधे आणि मुले ही तिन्ही कामे करून घेण्याचे आहे. माझे स्पष्ट मत असे की ते होणार नाही. धान्य आणि औषधे यांसाठी मालवाहू व्हॅन घ्यावी, आणि मुलांची सोय वेगळी पाहावी.

हे सर्व इतक्या तपशिलाने सांगण्याचे खरे कारण दंड नव्हे. दंड भरता येतो. खरे कारण अपघात आहे.

खाजगी मोटारीच्या विम्याच्या पॉलिसीत वापराची मर्यादा छापलेली असते. भाड्याने किंवा मोबदल्यासाठी केलेला वापर, आणि नमुने व वैयक्तिक सामान सोडून इतर मालाची वाहतूक, या दोन्ही गोष्टी तीत वगळलेल्या असतात. खाजगी म्हणून नोंदविलेल्या व्हॅनमध्ये तांदूळ भरून चालक निघाला आणि रस्त्यात एखाद्या पादचाऱ्यास धक्का लागला, तर विमा कंपनी प्रथम हेच कलम दाखविते. न्यायालय कित्येकदा जखमी माणसास कंपनीकडून पैसे देवविते आणि ते मालकाकडून वसूल करण्याची कंपनीस मुभा देते. येथे मालक म्हणजे ट्रस्ट. पन्नास वर्षांत थेंबे थेंबे साठविलेला निधी एका निकालात जाऊ शकतो.

मालवाहू म्हणून रीतसर नोंदविलेल्या गाडीतही एक धोका राहतो, आणि आपल्याकडील संस्थांत तो नित्य घडतो. धान्यवाटपास निघालेल्या टेम्पोत मागे पोत्यांवर पाच-सहा स्वयंसेवक बसलेले असतात. लग्नात वऱ्हाड बसते. सर्वोच्च न्यायालयाने न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध आशा राणी या खटल्यात २००२ च्या अखेरीस असा निर्णय दिला की, मालवाहू गाडीतून फुकट प्रवास करणाऱ्या उतारूंच्या मृत्यूची वा दुखापतीची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधलेली नाही. १९९४ च्या दुरुस्तीने विम्याच्या कलमात मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांस संरक्षण मिळाले आहे. परंतु ते मालासोबत जाणाऱ्या माणसास, पोत्यांवर बसून गाणी म्हणत निघालेल्या तरुणांस नव्हे. महाविद्यालयात शिकणारी ही आपलीच मुले असतात. सेवेसाठी गेलेला मुलगा जायबंदी झाला आणि त्याच्या घरी द्यावयास कोणाजवळ काही नाही, असा प्रसंग कोणत्याही ट्रस्टवर येऊ नये. म्हणून स्वयंसेवकांनी दुसऱ्या वाहनाने जावे. गाडीच्या नोंदणीपुस्तकात आसनांची संख्या लिहिलेली असते. तेवढीच माणसे पुढे बसावीत, मागे कोणीही बसू नये.

चालकाविषयी मात्र बातमी समाधानाची आहे. हलक्या मोटार वाहनाचे लायसेन्स असलेल्या माणसास त्याच वजनाचे परिवहन वाहन चालविण्यासाठी निराळा शेरा लागतो काय, हा वाद कित्येक वर्षे चालला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली मुकुंद देवांगन यांच्या खटल्यात लागत नाही असे सांगितले, आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तोच निर्णय कायम केला. मर्यादा ७५०० किलोंची आहे. यामुळे बॅटरीच्या वजनाची चिंताही आपल्याकडे उरत नाही. ब्रिटनमध्ये साध्या मोटारीच्या लायसेन्सवर ३५०० किलोंपर्यंतचीच गाडी चालविता येते. बॅटऱ्या जड, त्यामुळे माल तेवढाच असूनही विजेची व्हॅन ती मर्यादा ओलांडू लागली, तेव्हा तेथील सरकारला २०१९ पासून अशा व्हॅनसाठी मर्यादा ४२५० किलोंपर्यंत वाढवावी लागली. आपली मर्यादा मुळातच सैल असल्याने तो प्रश्न येथे आला नाही. वयाची अट मात्र विसरू नये : परिवहन वाहन चालविणाऱ्यास वीस वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. नुकतेच लायसेन्स मिळालेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या कार्यकर्त्याच्या हाती मालवाहू व्हॅनची किल्ली देता येणार नाही.

कमर्शियल नोंदणी म्हणजे नुकसानच, अशी जी भीती सभासदांस वाटते, ती विजेच्या गाडीच्या बाबतीत बरीचशी अनाठायी आहे. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनांवरील जी.एस.टी. बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला, तो दोन्ही वर्गांना. नोंदणीपुस्तकाचे शुल्क ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने माफ केले, तेही दोन्ही वर्गांना. १ जून २०२२ पासूनच्या नियमांनी तिऱ्हाइताच्या विम्याच्या हप्त्यात विजेच्या गाड्यांस १५ टक्के सूट ठरविली. तीत विजेच्या मालवाहू गाड्या आहेत, आणि शिक्षणसंस्थांच्या बसगाड्यांनाही तेवढीच सूट मिळाली. सरकारी अनुदानाची तर उलटीच तऱ्हा झाली. २०१९ ते २०२४ या काळात चाललेल्या 'फेम'च्या दुसऱ्या टप्प्यात चारचाकी गाड्यांस अनुदान होते ते व्यापारी किंवा सार्वजनिक वाहतुकीसाठी नोंदविलेल्यांनाच; घरगुती मोटारीस काही नव्हते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पी.एम. ई-ड्राइव्ह' योजनेत विजेच्या रुग्णवाहिकांसाठी ५०० कोटी रुपये वेगळे राखले गेले. ज्या ट्रस्टच्या मनात रुग्णवाहिकेचा विचार असेल, त्याने तिकडे चौकशी करावी.

राज्याच्या मोटार कराचे मात्र कायमचे गणित कोणी बांधू नये. कर्नाटकात विजेच्या वाहनांस २०१६ साली करमाफी मिळाली आणि २०२४ साली पंचवीस लाखांहून अधिक किमतीच्या गाड्यांवर दहा टक्के कर बसला. जे राज्य माफी देते, तेच ती काढूनही घेते. खरेदीच्या आठवड्यात आर.टी.ओ. कचेरीत जाऊन त्या दिवशीचा दर लेखी विचारावा. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर अंदाजपत्रक मांडू नये.

धावण्याच्या अंतराविषयीही एक शब्द लिहितो, कारण त्यावरच गाडीचा उपयोग अवलंबून आहे. विजेच्या छोट्या हत्तीची बॅटरी २१.३ युनिटांची आणि प्रमाणित अंतर एका भरणीत १५४ किलोमीटर आहे. हे अंतर चाचणीच्या ठरीव परिस्थितीत मोजलेले असते. भरलेली गाडी चढावर घातली की ते घटते. वसतिगृहापासून मंडई, खानापूर किंवा चंदगड अशा फेऱ्यांस ती पुरेशी आहे. चोर्ला घाट उतरून पणजीस जावे आणि भार घेऊन त्याच भरणीवर परत चढून यावे, असा बेत तिच्या भरवशावर करू नये.

शेवटी, विकत घेताना करावयाच्या कामाविषयी. मागणीपत्र देण्यापूर्वी मंडळाने ठराव करावा आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात : गाडी कोणत्या कामासाठी, मालक म्हणून कोणत्या संस्थेचे नाव, आणि परिवहन वाहन म्हणून नोंदणी. विमा उतरविताना ठरावाची प्रत एजंटास द्यावी, म्हणजे पॉलिसीवर वापर कोणता लिहिला जातो ते तपासता येईल. पुढे व्हॅनच्या मागे आसने बसवावीत, किंवा बसविलेली काढावीत, असे कोणाच्या मनात आले तर नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय तसा फेरफार करू नये. नव्या परिवहन वाहनाचे फिटनेस दोन वर्षांचे असते, गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नवे करावे लागते. ही तारीख चालकाच्या स्मरणावर न सोपविता कार्यालयाच्या भिंतीवरील कॅलेंडरवर लाल शाईने मांडून ठेवावी, आणि ती उलटून गेल्यास गाडी फाटकाबाहेर काढू नये, असे चिटणिसांनी चालकास पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.